प्रवासातील चिकित्सा आणि हातातील यंत्र

महिन्यातून दोनदा रुग्णतपासणीसाठी मी एस.टी.ने तालुक्याच्या ठिकाणी जातो. तेथे एकदा अर्शाच्या रुग्णास मी अमृतभल्लातक लिहून दिले. भल्लातकाने त्यांच्या सर्वांगास कंडू व शोथ झाल्याची नोंद पूर्वी मीच केली होती. परंतु ती वही मुख्य चिकित्सालयाच्या कपाटात होती. औषधी दुकानदारांना ते स्मरले, त्यांनी औषध देण्यापूर्वी मला विचारले, म्हणूनच अनर्थ टळला.

तेव्हापासून मी रुग्णांच्या नोंदी मोबाईलमध्येही ठेवू लागलो. अनुभवाने ठरलेले काही नियम व्यवसायबंधूंसमोर मांडतो.

नोंदीच्या पहिल्याच ओळीत असात्म्य द्रव्ये, चालू असलेली आधुनिक औषधे व गर्भावस्था यांचा उल्लेख असावा. घाटात संपर्क तुटतो. यास्तव त्या दिवसाच्या रुग्णांच्या नोंदी निघण्यापूर्वीच यंत्रात उतरवून घ्याव्यात. परतीच्या प्रवासात, स्मरण ताजे असतानाच, अपुऱ्या नोंदी पूर्ण कराव्यात आणि संपत आलेल्या कल्पांची मागणी औषधालयास कळवावी. यंत्रास सांकेतिक कुलूप असावे, नोंदींची दुसरी प्रत सुरक्षित ठेवावी. बसमध्ये रुग्णाचे नाव व व्याधी मोठ्याने उच्चारू नये. गोपनीयता प्रवासातही पाळावयाची असते.

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी प्रश्नाची उत्तरे यंत्र जपून ठेवते. नाडीवर बोटे वैद्यासच ठेवावी लागतात. औषधी दुकानदार बंधूंना मात्र विनंती, की शंका येताच निःसंकोच फोन करावा. त्या दिवशी माझ्या रुग्णास यंत्राने नव्हे, आपल्यापैकीच एकाच्या स्मरणाने वाचविले.