देशी मासे, परदेशी टाक्या

भारतातल्या गोड्या पाण्यातले शोभेचे मासे भारतीय घरांतल्या काचेच्या टाकीत आले ते जगाला वळसा घालून. गंगेच्या खोऱ्यातला झेब्रा मासा, बंगाल-आसामकडचा बुटका गुरामी, गुलाबी बार्ब, काचमासा या साऱ्यांना टाकीत राहायची सवय लागली ती जर्मनीत आणि अमेरिकेत. इकडे मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्यांत तेव्हा आणि नंतरही बराच काळ गोल्डफिश, गप्पी, मॉली आणि एंजल यांचाच थाट होता. ओढ्यातला मासा खायचा आणि दुकानातला पाहायचा, अशी सरळ वाटणी होती. ती मोडायला जवळजवळ दोन शतके लागली.

सुरुवात नावे देण्यापासून झाली. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन याने बंगालची पाहणी करताना नद्या, पाणथळ तळी आणि बाजार धुंडाळले. गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांवरचा त्याचा ग्रंथ १८२२ मध्ये प्रसिद्ध झाला. झेब्रा मासा, बुटका गुरामी, गुलाबी बार्ब, काचमासा आणि रंग बदलणारा बॅडिस यांची पहिली शास्त्रीय वर्णने या एकाच ग्रंथात सापडतात. शोभेच्या माशांच्या आजच्या जागतिक बाजाराला एवढा माल पुरवणारे दुसरे पुस्तक क्वचितच असेल. दख्खनचे काम कर्नल साईक्स याने केले. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेच्या पात्रातून त्याने महाशीर घेतला आणि १८३९ मध्ये त्याचे वर्णन केले. ही जात आज टॉर खुद्री या नावाने ओळखली जाते. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातले मासे फ्रान्सिस डे याने नोंदवले. त्याने १८६५ मध्ये वर्णन केलेल्या एका माशाला मद्रासचे गव्हर्नर सर विल्यम डेनिसन यांचे नाव दिले. या माशाची गोष्ट पुढे बरीच गाजायची होती.

या तिघांपैकी कोणाच्याही डोळ्यांपुढे टाकी नव्हती. घरात काचेच्या पेटीत जलचर पाळण्याची हौस इंग्लंडात १८५०च्या दशकात फोफावली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले मत्स्यालय १८५३ मध्ये उघडले आणि पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याचे या विषयावरचे पुस्तक आले. उष्ण कटिबंधातले मासे मात्र युरोपच्या थंडीत तगत नसत. टाकीचे पाणी उबदार ठेवण्याच्या युक्त्या हळूहळू जमत गेल्या, तेव्हा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारतीय मासे बोटीने जर्मनीत पोचू लागले. गुरामी आणि झेब्रा हे त्या पहिल्या खेपांतले.

दोघेही टिकले यामागे कारणे आहेत. गुरामीला कल्ल्यांखेरीज डोक्यात हवा घेण्याचा एक खास अवयव असतो. त्यामुळे कोंदट डब्यातला लांबचा प्रवास तो पृष्ठभागावर येऊन श्वास घेत पार करतो. त्याचे प्रजननही टाकीत सहज दिसते. नर लाळेचे बुडबुडे सोडतो, त्यांत पाणवनस्पतींचे तुकडे गुंफतो आणि पाण्यावर तरंगते घरटे रचतो. मादीने अंडी घातली की तो तिला हाकलून देतो आणि भरकटलेली अंडी तोंडाने उचलून परत घरट्यात ठेवत राहतो. झेब्रा याच्या अगदी उलट. उजाडताना अंडी घालायची आणि लगेच तीच खाऊन टाकायची, असा त्याचा खाक्या. त्यावर हौशी पालकांनी उपाय काढला तो मुलांच्या खेळातल्या गोट्यांचा. टाकीच्या तळाशी गोट्यांचा थर दिला की अंडी फटींत घरंगळतात आणि आईबापांच्या तोंडी लागत नाहीत.

ही अंडी काचेसारखी पारदर्शक असतात आणि दिवसभरात आतल्या गर्भाचे हृदय धडधडताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर याने नेमका याच गुणाचा फायदा घेतला. १९८१ मध्ये त्याचा झेब्रा माशावरचा निबंध 'नेचर'मध्ये आला आणि दुकानातला हा स्वस्त मासा जगभरच्या प्रयोगशाळांत शिरला. २०१३ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना झेब्रात जोडीदार जनुके आहेत असे त्यातून दिसले. मधल्या काळात सिंगापूरच्या शास्त्रज्ञांनी त्यात चमकणाऱ्या प्रथिनांची जनुके घातली आणि २००३ पासून असे चकाकणारे झेब्रे अमेरिकेत विकले जाऊ लागले.

मायदेशी परिस्थिती वेगळी होती. सरकारी खात्यांना मासा हवा होता तो हिवतापाच्या डासांसाठी आणि ताटासाठी. १९२८च्या सुमारास गॅम्बुसिया हा अमेरिकी मासा डासांच्या अळ्या खायला आणला गेला, १९५२ मध्ये तिलापिया आला. डबक्यांतल्या अळ्या खाणारे अनेक छोटे मासे इथे आधीपासूनच होते, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. त्यातच मत्स्यशास्त्रज्ञ चि. वि. कुलकर्णी यांचे काम उठून दिसते. मुंबई परिसरातल्या निमखाऱ्या पाण्यात सापडणाऱ्या, जेमतेम दोन सेंटीमीटर लांबीच्या पारदर्शक माशाचे त्यांनी १९४० मध्ये वर्णन केले आणि त्याला होराइक्थिस सेटनाई हे नाव दिले. या नावात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा आणि मुंबईच्या मत्स्य खात्याचे सेटणा या दोघांची आठवण आहे. हा मासा कसा राहतो, कशी वीण घालतो, याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. शोभेचा म्हणून तो कधी विकला गेला नाही, पण देशी मासा जिवंतपणी पाहण्याची ही शिस्त पुढच्यांना उपयोगी पडली.

मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले आणि मुंबईकरांच्या तीन पिढ्यांनी मासा हा पाहण्याचा विषय म्हणून तिथेच पहिल्यांदा अनुभवला. गर्दी अर्थातच समुद्री माशांपुढे व्हायची. या मत्स्यालयाशी जोडलेले बो. फ. छापगर यांनी १९९२ मध्ये सहलेखक साने यांच्यासह गोव्यातल्या एका छोट्या बार्बचे वर्णन केले. तोही सेटणांच्या नावाने ओळखला जातो. पेथिया सेटनाई हे त्याचे आजचे नाव. निळसर अंगाचा, काळ्या पट्ट्यांचा हा मासा आता परदेशातल्या जाणकारांच्या टाक्यांत आवर्जून पाळला जातो.

दुकानांत मात्र देशी माशाची किंमत त्याच्या रंगावर ठरत होती आणि रंग नसेल तर तो सुईने भरला जात होता. काचमाशाच्या पारदर्शक अंगात भडक रंग टोचून त्याला 'डिस्को' म्हणून विकण्याची पद्धत पूर्वेकडच्या बाजारात रुजली. काही महिन्यांत रंग उतरतो, तोवर पुष्कळ मासे सुईच्या जखमांनी आणि विषाणूच्या गाठींनी मरतात. या धंद्याइतकी हिडीस गोष्ट या छंदाच्या इतिहासात दुसरी नाही. गुरामीचे हाल निराळे झाले. आग्नेय आशियातल्या शेतांवर लाखोंनी वाढवलेल्या गुरामींत एक विषाणू पसरला, त्याला नावही त्याच माशाचे मिळाले.

डेच्या १८६५च्या माशाचे नशीब १९९७ मध्ये उघडले. केरळच्या आणि लगतच्या कर्नाटकाच्या डोंगरी नद्यांत राहणारा, अंगावर काळ्या पट्ट्याच्या वर लाल रेघ असलेला हा चपळ मासा सिंगापूरच्या 'अ‍ॅक्वारामा' प्रदर्शनात नव्या जातींच्या गटात तिसरा आला. 'मिस केरळ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या माशाची मागणी तिथून उसळली. पुढच्या दहाएक वर्षांत भारतातून निर्यात होणाऱ्या जिवंत शोभेच्या माशांत निम्म्याहून मोठा वाटा या एकट्याचा झाला. हे सारे मासे नदीतून पकडलेले होते. थव्याने राहणारा मासा असल्याने एका जाळ्यात अख्खा थवा येई. केरळ सरकारने २००८ मध्ये पकडीवर निर्बंध घातले, त्यात जून, जुलै आणि ऑक्टोबर हे बंदीचे महिने ठरवले. पुढे अभ्यासकांनी दाखवले की माशाची वीण मुख्यतः ऑक्टोबर ते मार्च या काळात होते. म्हणजे बंदीचे दोन महिने वाया गेले आणि विणीचे बहुतेक महिने उघडेच राहिले. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीला धोक्यातली ठरवले. २०१३ मध्ये राजीव राघवन आणि पुण्याच्या नीलेश डहाणूकर यांच्यासह संशोधकांनी तिच्यासाठी सह्याद्रिया ही नवी प्रजाती (जीनस) उभी केली. तोवर आग्नेय आशियातल्या शेतांवर तिची पैदास सुरू झाली होती. २०२१ मध्ये संसदेत आलेल्या वन्यजीव कायद्याच्या दुरुस्ती विधेयकात तिचे नाव कडक संरक्षणाच्या अनुसूचीत घातले गेले, तेव्हा वाद उभा राहिला. परदेशात जो मासा उघड पैदास करून विकला जातो, त्याची पैदास भारतात मात्र गुन्ह्याच्या कक्षेत यावी, हे अनेक पालकांना आणि अभ्यासकांनाही पटले नाही. आक्षेपात तथ्य होते. नदीतून धरणे आणि टाकीत वाढवणे यांत फरक करणारा नियमच अशा माशाला वाचवू शकतो.

गेल्या पंधरा-वीस वर्षांत वारे बदलले ते मरळीच्या लहान भाऊबंदांमुळे. ईशान्य भारतातले आणि उत्तर बंगालमधले चन्ना प्रजातीतले मासे, निळ्या-केशरी परांचे, पिल्लांची राखण करणारे, एकाएकी प्रतिष्ठेचे झाले. चन्ना अँड्राओ ही जात तर वर्णन होण्याच्या, म्हणजे २०१३च्या आधीपासूनच व्यापारात फिरत होती. अमेरिकेत मेरीलँडच्या एका तळ्यात चिनी मरळ सापडल्यावर २००२ मध्ये या साऱ्या गटाच्या आयातीवर बंदी आली, युरोप आणि जपानची मागणी राहिली. आता भारतीय तरुणही ते पाळतात. देशी मासा भारतीयांनीच भारतात हौसेने विकत घ्यावा, असे प्रथमच घडते आहे.

कवचधारी प्राण्यांची कथा मात्र उलट आहे. भारताच्या नद्यांत क्रेफिशची एकही देशी जात नाही. दुकानात 'लॉबस्टर' म्हणून मिळणारा लाल किंवा निळा प्राणी अमेरिकेतला नाहीतर ऑस्ट्रेलियातला असतो. परक्या क्रेफिशचा धडा युरोपला महागात पडला. अमेरिकी क्रेफिशबरोबर आलेल्या बुरशीसारख्या रोगजंतूने १८६०च्या आसपासपासून तिथले देशी क्रेफिश झपाट्याने मेले. १९९०च्या दशकात जर्मनीतल्या टाक्यांत संगमरवरी क्रेफिश दिसला. त्यात सगळ्या माद्याच, नराशिवाय प्रजनन करणाऱ्या. एक प्राणी तळ्यात सुटला तरी वसाहत उभी राहते. युरोपीय संघाने २०१६ मध्ये त्याच्या विक्रीवर आणि पाळण्यावर बंदी घातली. महाराष्ट्रात टाकीसाठी कवचधारी हवाच असेल तर ओढ्यातली छोटी कोळंबी पुरेशी आहे. सह्याद्रीतले गोड्या पाण्यातले रंगीत खेकडे, उदाहरणार्थ २०१६ मध्ये वर्णन झालेला जांभळा-केशरी घाटियाना स्प्लेंडिडा, यांना हात लावू नये. त्यांचे क्षेत्र फार छोटे असते.

देशी मासे पाळताना मुख्य अडचण उन्हाळ्याची येते. गुरामी आणि झेब्रा मुंबईचा मे महिना सोसतात. डोंगरी ओढ्यातले बार्ब आणि दगडाला चिकटून राहणारे लोच कोमट, साचलेल्या पाण्यात गुदमरतात. त्यांना मोठी टाकी, जोरदार प्रवाह आणि भरपूर प्राणवायू लागतो. पुष्कळ जाती विणीसाठी पावसाची वाट पाहतात. पहिल्या पावसात मासे ओढ्यात चढतात, त्याचीच नक्कल करून पालक टाकीत एकदम थंड, क्लोरीन काढलेले पाणी ओततात आणि मासे अंडी घालतात. नदीतून मासा धरण्यापूर्वी तो संरक्षित यादीत आहे का, हे पाहून घ्यावे आणि शक्यतो पालकांकडेच वाढलेले मासे घ्यावेत. टाकी मोडायची वेळ आली तर मासे दुसऱ्या पालकाला द्यावेत; नदीत कधीही सोडू नयेत, मूळचे त्याच नदीतले असले तरी नाही, कारण टाकीतले रोग त्यांच्याबरोबर जातात. टाकीतून सुटलेला दक्षिण अमेरिकी सकर मासा आज केरळ, बंगाल आणि आंध्रातल्या जलाशयांत, तसाच उजनीच्या जाळ्यांतही सापडतो आणि त्याच्या काटेरी परांनी कोळ्यांची जाळी फाटतात.