इन्सुलीच्या रानातली भेट

गुरू भेटला, उपदेश झाला. मग शिकणे संपते का? कीर्तनानंतर कुणीतरी हे विचारतोच. सावंतवाडीकरांना उत्तरासाठी फार लांब जायला नको. बांद्याच्या वाटेवरच्या इन्सुलीपर्यंत गेले तरी पुरे.

सोहिरोबानाथ आंबिये यांचा जन्म १७१४ सालचा. बांद्याचे कुलकर्णीपण त्यांच्याकडे होते. कथा अशी सांगतात, की एकदा राजदरबाराचे बोलावणे आले म्हणून ते सावंतवाडीला निघाले. वाटेत इन्सुलीच्या रानात बसून त्यांनी बरोबरचा फणस फोडला, तोच एका योग्याने येऊन गरे मागितले. सोहिरोबांनी ते आनंदाने पुढे केले. योग्याने मस्तकावर हात ठेवला, उपदेश केला आणि तो दिसेनासा झाला. ते गहिनीनाथ, असे परंपरा मानते.

आता गहिनीनाथ हे निवृत्तिनाथांचे गुरू, म्हणजे तेराव्या शतकातले. मधल्या पाचशे वर्षांचा हिशेब इतिहासाला जुळवता येणार नाही, आणि मी त्या भानगडीत पडत नाही. मला या कथेत अडवते ते वेगळेच. सारी भेट फणसाचे गरे संपेपर्यंतची! त्यानंतर सोहिरोबांनी कुलकर्णीपण सोडले, ध्यानाला बसले, ‘महदनुभवेश्वरी’, ‘सिद्धान्तसंहिता’, ‘अक्षयबोध’ असे ग्रंथ रचले, उतारवयात उत्तरेकडे गेले. १७९२ साली उज्जैनच्या मठातून बाहेर पडले ते पुन्हा कुणाला दिसले नाहीत. सगळे त्या एका दुपारीच मिळाले असते, तर पुढचा एवढा खटाटोप कशाला?

मग गुरू नसला तरी चालेल, असे म्हणावे काय? इथे नामदेवांची आठवण होते. प्रत्यक्ष पांडुरंगाशी बोलणारा हा भक्त. पण गोरोबाकाकांनी थापटणे घेऊन संतांची डोकी पारखली, तेव्हा नामदेवांचेच मडके कच्चे निघाले, आणि त्यांना विसोबा खेचरांकडे जावे लागले. आपले मडके आपल्याला नेहमी पक्केच वाटते, अडचण तिथे आहे. ते वाजवून पाहायला दुसरा माणूस लागतो. भाजून निघायचे मात्र आपणच. तिथे गुरूही उपयोगी पडत नाही.

पुढे ग्वाल्हेरला महादजी शिंद्यांनी स्वतःची कविता सोहिरोबांपुढे ठेवली, असे सांगतात. महादजी म्हणजे त्या काळी दिल्लीच्या बादशहाला हाताशी धरून असलेला सरदार. दरबारी मंडळी वाहवा करण्यास उत्सुक होती. सोहिरोबांनी स्तुतीचा एक शब्दही काढला नाही.