सडपातळ मानेचा आधार लाकूड तासण्यापूर्वीच ठरतो

इलेक्ट्रिक गिटारच्या सहा तारा प्रचलित स्वरांत जुळवल्या, की त्या वाद्याच्या मानेला, म्हणजे नेकला, सुमारे ४५ ते ४७ किलो वजनाइतक्या जोराने ओढतात. हा ताण गिटार भिंतीला टांगलेली असतानाही कायम राहतो. सडपातळ मानेवर हात वेगाने फिरतो. इबानेझच्या ‘विझार्ड’ मानांची ख्याती त्यामुळेच आहे. मात्र घरी गिटार घडवणाऱ्याने पुरेशा आधाराविना मान पातळ केली, तर ती हळूहळू धनुष्यासारखी वाकते, तारा फ्रेटपासून उंचावतात आणि महिन्यांची मेहनत वाया जाते.

पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. २२ मिलिमीटर जाडीची मान १९ मिलिमीटरवर आणल्यास ताठपणा एक तृतीयांशाहून अधिक घटतो. हाताला जेमतेम जाणवणारा हा फरक लाकडाला बराच महागात पडतो.

मानेत बसवलेला ट्रस रॉड ही उणीव भरून काढतो, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू यांना ज्याचे पेटंट १९२३ मध्ये मिळाले, तो समायोज्य रॉड प्रामुख्याने तारांच्या ओढीविरुद्ध प्रतिताण देऊन मान सरळ राखतो. मूळ ताठपणात तो फारशी भर घालत नाही. शिवाय त्यासाठी कोरलेली खाच लाकूड कमी करते, ते वेगळेच.

खरी अडचण जागेची आहे. पहिल्या फ्रेटजवळ १९ मिलिमीटर जाडीतून फिंगरबोर्डचे ६ वजा केल्यास १३ मिलिमीटर उरतात. ११ मिलिमीटर खोल खाच मागणारा दुहेरी क्रियेचा रॉड बसवला, तर तळाशी जेमतेम २ मिलिमीटर लाकूड राहते आणि रॉड आवळताना ते फुटण्याची भीती असते. ९ मिलिमीटर खोलीचा, कमी उंचीचा रॉड अशा वेळी शहाणपणाचा ठरतो.

रॉडच्या दोन्ही बाजूंना कार्बन फायबरच्या पट्ट्या बसवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय मानला जातो. लाकडाच्या सुमारे दसपट ताठ असलेल्या या पट्ट्या आडव्या न ठेवता कडेवर उभ्या बसवाव्यात. मानेची पाठ गोलाकार असल्याने कडांकडे लाकूड पातळ होत जाते. म्हणून पट्ट्या रॉडजवळ आणि त्यांच्या खाचा उथळ हव्यात. कार्बन लाकडाच्या नेहमीच्या पांढऱ्या गोंदाने नीट धरत नाही, तेथे इपॉक्सीच लागते. पट्टी आधी पॉलिश पेपरने घासून स्पिरिटने पुसावी. तिची धूळ घातक असल्याने मास्क आवश्यक आहे. इपॉक्सीचा थेंब रॉडच्या आट्यांत गेला, तर रॉड कायमचा अडकतो.

लाकडाची निवडही महत्त्वाची आहे. सरळ रेषांचे मेपल, किंवा रेषांची दिशा उलटसुलट ठेवून चिकटवलेल्या तीन वा पाच पट्ट्यांची मान, दमट हवेत कमी पिळवटते. मुंबई वा कोकणातील पावसाळ्यात हा गुण विशेष उपयोगी पडतो. सागवान वापरल्यास त्यातील तेलामुळे चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग अॅसिटोनने पुसावा लागतो.

मान अपेक्षित मापापेक्षा एक मिलिमीटर जाड ठेवून तात्पुरत्या तारा चढवाव्यात आणि काही दिवस ताण सोसू द्यावा. रॉडचा नट जवळपास पूर्ण आवळल्यावरच मान सरळ होत असेल, तर रंधा तेथेच थांबवावा.