समुद्राची हवा नेहमीच स्वच्छ असते का?

घरात आजीला दमा असेल किंवा मुलांचा खोकला जात नसेल, तर आपण सहज म्हणतो, "दोन दिवस किहीमला जाऊ, समुद्राची हवा लागेल." बहुतेक दिवस ते खरंही असतं. पण हवा येताना सोबत काय घेऊन येते, हेही पाहायला हवं.

जानेवारी २०२२ आठवा. पाकिस्तानकडून उठलेली धूळ अरबी समुद्र ओलांडून २३ तारखेला मुंबई आणि उत्तर कोकणावर पसरली. गाड्यांवर पांढरट थर बसला. म्हणजे त्या दिवशी धूळ समुद्रावरूनच आली होती!

जाड धूळ लवकर खाली बसते. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. हे कण कित्येक दिवस हवेत राहतात, शेकडो किलोमीटर जातात आणि फुफ्फुसात खोल शिरतात. २४ तासांसाठी भारताची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना मात्र १५ सांगते.

किनाऱ्यावर वारा रोज दिशा बदलतो. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे, तर दिवसा समुद्राकडून खारे वारे वाहतात. हिवाळ्यात पहाटेची गार हवा जमिनीलगत अडकते, त्यामुळे धूर वर जात नाही. रात्री समुद्रावर गेलेलं धुरकं दुपारच्या वाऱ्याबरोबर काही वेळा परतही येतं.

डॉ. सालिम अलींनी १९३० मध्ये याच किहीममध्ये सुगरण पक्ष्यांचं बारकाईने निरीक्षण केलं. तसं सबरीने आपणही हवेकडे पाहू शकतो. फजरनंतर आणि असरच्या वेळी, दिवसातून दोनदा वहीत लिहा: धूर कोणत्या दिशेला वळतोय? खांदेरी स्पष्ट दिसते का? धुकं ऊन चढल्यावर विरतं. दुपारीही क्षितिज मळकट राहिलं तर धुरकं असण्याची शक्यता जास्त. आकडा हवा असेल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं 'समीर' ॲप मोबाइलवर पाहा.

धुरकट सकाळी आजीला फिरायला नेण्याची घाई नको. हवा मोकळी झाल्यावर न्या. आणि वाडीतला पालापाचोळा पेटवू नका, माडाच्या आळ्यात टाका. कराचीकडची धूळ आपल्या हातात नाही, पण अंगणातला धूर नक्कीच आहे.