बिटकॉइन : पैशाचे तत्त्वज्ञान आणि विश्वासाचा प्रश्न

प्रस्तावना

पैसा ही वस्तू आहे की वचन, हा अर्थशास्त्रातील जुना वाद आहे. ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञ कार्ल मेंगर यांच्या मते पैसा बाजारातून आपोआप उदयास आला. जी वस्तू सर्वांना सहज स्वीकारार्ह वाटली, तीच विनिमयाचे माध्यम बनली. याउलट पैसा हे राज्यसंस्थेच्या कायद्याचे अपत्य आहे, असे प्रतिपादन जर्मन अर्थशास्त्रज्ञ गेओर्ग क्नाप यांनी १९०५ मध्ये केले. रिझर्व्ह बँकेच्या नोटेवर गव्हर्नरांच्या सहीने छापलेले वचन या दुसऱ्या मताची रोज साक्ष देते. बिटकॉइन मात्र यांपैकी कोणत्याही चौकटीत नीट बसत नाही. त्यामागे सोने नाही, राज्य नाही आणि कोणाचे वचनही नाही. मग ते कशाच्या आधारावर उभे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तात्त्विक पार्श्वभूमी

चलननिर्मितीची राज्याची मक्तेदारी संपवावी, असा विचार फ्रिडरिख हायेक यांनी १९७६ मध्ये मांडला होता. १९९० च्या दशकात ‘सायफरपंक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगणकतज्ज्ञांनी व्यक्तीचे खासगीपण कूटलेखनाच्या साहाय्याने जपण्याचा आग्रह धरला. डेव्हिड चॉम यांचे डिजिटल रोख रकमेचे प्रयत्न त्याच काळातले. परंतु ते एका कंपनीवर अवलंबून होते आणि १९९८ मध्ये कंपनी बुडताच तो पैसाही संपला. हा धडा महत्त्वाचा ठरला. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी, म्हणजे लेहमन ब्रदर्स कोसळल्यानंतर काही आठवड्यांतच, सातोशी नाकामोतो या टोपणनावाने नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. ३ जानेवारी २००९ च्या पहिल्या ब्लॉकमध्ये लंडनच्या ‘द टाइम्स’चा त्या दिवसाचा मथळा गुंफलेला आहे, तो बँकांना दुसऱ्यांदा द्यावयाच्या सरकारी मदतीविषयीचा होता. बँकव्यवस्थेवरील रोष असा नोंदवहीच्या पहिल्याच पानावर कोरला गेला.

संगणकातील कोणत्याही नोंदीची नक्कल करता येते. म्हणून एकच नाणे दोनदा खर्च होऊ नये याची काळजी आजवर बँकेची खातेवही घेत असे. बिटकॉइनमध्ये ही खातेवही हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली असते. साधारणपणे दर दहा मिनिटांनी तिला नवे पान, म्हणजे ब्लॉक, जोडला जातो. ते जोडण्याचा अधिकार विजेचा मोठा खर्च करून गणिती कोडे सोडविणाऱ्यास मिळतो आणि बक्षीस म्हणून नवी नाणीही मिळतात. आरंभी हे बक्षीस ५० नाण्यांचे होते. दर २,१०,००० ब्लॉकनंतर ते निम्मे होत एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५ वर आले. एकूण नाणी २ कोटी १० लाखांपलीकडे जाणार नाहीत, असा नियम आहे.

मर्यादा कोणाची?

ही मर्यादा निसर्गनियमासारखी अटळ आहे, असे बिटकॉइनचे समर्थक मानतात. वस्तुस्थिती निराळी आहे. १५ ऑगस्ट २०१० रोजी आज्ञावलीतील एका दोषामुळे १८,४०० कोटींहून अधिक नाणी क्षणात निर्माण झाली. काही तासांत दोष दुरुस्त करण्यात आला आणि सहभागी मंडळींनी तो ब्लॉक व त्यानंतरची साखळी बाजूला सारून नवी साखळी स्वीकारली. मर्यादा टिकली, पण ती माणसांच्या सहमतीने टिकली. केवळ गणिताने नव्हे. ऑगस्ट २०१७ मध्ये ब्लॉकच्या आकारावरून सहमती मोडली तेव्हा ‘बिटकॉइन कॅश’ हे वेगळे चलन फुटून निघाले. तात्पर्य, विश्वास नाहीसा झालेला नाही. तो गव्हर्नरांच्या सहीवरून आज्ञावलीवर आणि ती चालविणाऱ्या समुदायावर सरकला आहे.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या १९२३ मधील ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या प्रबंधाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. चलनाची निर्मिती सरकारच्या मर्जीवर सोडण्यास त्यांचा विरोध होता आणि रुपयाच्या निर्मितीस निश्चित मर्यादा असावी असा त्यांचा आग्रह होता. येथवर बिटकॉइनचा विचार त्याच दिशेचा वाटतो. परंतु आंबेडकरांची कसोटी मर्यादा ही नव्हती. रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहावी, ही होती. मर्यादा हे त्याचे साधन. बिटकॉइनने साधन घेतले आणि साध्य सोडून दिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९,००० डॉलरवर गेलेले नाणे वर्षभरात १६,००० डॉलरच्या खाली आले. अशा चलनात मजुरी ठरवावी कशी?

सांस्कृतिक परिणाम

२२ मे २०१० रोजी फ्लोरिडात एका संगणकतज्ज्ञाने १०,००० बिटकॉइन देऊन दोन पिझ्झा घेतले. अनुयायी हा दिवस आजही साजरा करतात; मात्र त्यात अभिमानापेक्षा हळहळच अधिक जाणवते, कारण २०२१ च्या उच्चांकी दराने ती रक्कम ६९ कोटी डॉलर होते. जो पैसा खर्च केल्याचा पश्चात्ताप होतो, तो हातोहात फिरत नाही, तिजोरीत पडून राहतो. रोखीचा पर्याय म्हणून जन्मलेल्या चलनाला आता ‘डिजिटल सोने’ म्हटले जाते, हे त्या बदललेल्या वृत्तीचेच द्योतक होय. मध्यस्थही परतले. २०१४ मध्ये टोकियोतील माउंट गॉक्स व २०२२ मध्ये एफटीएक्स ही विनिमय केंद्रे बुडाली, तेव्हा बँकांवर विश्वास नसलेल्यांनीच आपली नाणी परक्या हाती ठेवलेली होती.

राज्यसंस्थेचा अनुभवही बोलका आहे. एल साल्वाडोरने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलनाचा दर्जा दिला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी झालेल्या कर्जकरारानंतर जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून ते स्वीकारण्याची सक्ती काढून टाकली. भारतात रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०१८ चे बंधन सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केले. त्यानंतर २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा नाण्यांना ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ ठरवून नफ्यावर ३० टक्के कर लावला. म्हणजे कायद्याच्या लेखी ती मालमत्ता आहे, पैसा नव्हे.