नव्याचे नऊ दिवस, मोटारीची दहा वर्षे

दसरा-पाडवा आला की मोटारींच्या दुकानांतून झेंडूच्या माळा घातलेल्या गाड्या बाहेर पडू लागतात. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक, मागच्या आसनावर पेढ्यांचा पुडा आणि घरच्या सर्वांच्या चेहऱ्यावर कृतार्थता! त्या दिवशी गाडीत खोट दिसत नाही. दिसली तरी कोणी बोलत नाही. परंतु वाचकहो, घराच्या खालोखाल मोठी अशी ही खरेदी. तिचे हप्ते पाच-सात वर्षे फेडायचे असतात. हप्ते संपतील तेव्हा गाडी धडधाकट असेल की दर महिन्याला गॅरेजची वाट धरील, यावर संसाराचा जमाखर्च अवलंबून असतो. आणि नेमकी हीच गोष्ट दुकानातल्या चकचकीत गाडीकडे पाहून कळत नाही.

ती कळते दौलताबादच्या घाटात. छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादहून, वेरूळकडे जाणारा रस्ता दौलताबादच्या जुन्या तटबंदीतील अरुंद दरवाजातून बाहेर पडतो आणि खुलदाबादच्या दिशेने घाट चढू लागतो. नवी गाडी हा घाट गाणे म्हणत चढते. सात वर्षांची गाडी वैशाखाच्या उन्हात, पाच माणसे घेऊन चढू लागली, की तिची खरी परीक्षा सुरू होते. रेडिएटरच्या रबरी नळ्या पाणी धरतात का? क्लचची प्लेट घसरते का? उतरताना ब्रेक तापून दगा देतात का? गाडी नवी असताना यांतल्या एकानेही तोंड उघडलेले नसते.

पहिल्या दिवसांची गुणवत्ता आणि पुढच्या वर्षांचा टिकाऊपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे परदेशांतही ओळखले गेले आहे. अमेरिकेतील जे. डी. पॉवर ही संस्था गाड्यांच्या मालकांना विचारून दोन वेगळ्या याद्या करते. एकीत पहिल्या ९० दिवसांतल्या तक्रारी मोजतात, दुसरीत तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांच्या. आपल्या नव्याचे नऊ दिवस, त्यांचे नव्वद, इतकाच फरक! २०२३ साली पहिल्या यादीत डॉज अव्वल आली, तर दुसरीत लेक्सस. म्हणजे दोन्ही परीक्षांतला पहिला नंबर एकाचाच असतो असे नाही.

याचे कारण यंत्राच्या स्वभावात आहे. यंत्रे बिघडण्याचा आलेख अभियंते काढतात, तो न्हाणीघरातल्या टबासारखा दिसतो. सुरुवातीला जुळणीतल्या चुका बाहेर येतात, म्हणून एक कड उंच. मग बरीच वर्षे सपाट तळ. शेवटी झीज सुरू झाली की दुसरी कड चढते. दाराची खडखड, रंगावरचा डाग, फोनशी न जुळणारा पडदा हे पहिल्या कडेचे विकार. ते बहुधा वॉरंटीत फुकट बरे होतात. रबर कडक होणे, बेअरिंग झिजणे, वायरींचे आवरण तडकणे हे दुसऱ्या कडेचे. त्यांचे बिल मात्र आपल्या नावावर येते.

आपल्याकडची फियाट आठवा. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई. १९७४ पासून ती 'पद्मिनी' झाली. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा, ड्रमचे ब्रेक. आजच्या नव्या गाडीशेजारी ती पहिल्याच दिवशी नापास झाली असती. तरी मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने दशकानुदशके संसार ओढले. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली. तिला थांबवले ते नियमाने! तिचे यंत्र साधे होते, भाग सहज मिळत आणि नाक्यावरच्या मिस्त्रीला ते पाठ होते. टिकाऊपणा निम्मा कारखान्यात घडतो आणि निम्मा दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात.

घाटाच्या पायथ्याशी उभा असलेला किल्लाही तेच सांगतो. तासलेले कडे, खंदक, अंधारी वाट पाहून आजही छाती दडपते. पण १२९६ साली अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तेव्हाची हकीकत जुन्या तवारिखांत आहे. रामदेवरायाच्या लोकांनी घाईने किल्ल्यात चढवलेली पोती धान्याची समजली होती. वेढा पडल्यावर उघडली तर आत मीठ निघाले! कड्याला चरा गेला नव्हता. घात केला तो कोणी न उघडलेल्या पोत्यांनी.

तेव्हा पाडव्याला गाडी घ्यायची असेल तर पोती आधी उघडावीत. तीच गाडी पाच-सात वर्षे वापरणाऱ्याला गाठावे. वेरूळच्या फेऱ्या करणारा टॅक्सीवाला असेल तर उत्तमच. सर्व्हिसचे ठिकाण किती लांब, भाग किती दिवसांत मिळतात, वॉरंटीत काय बसत नाही, हे लेखी विचारावे. गाडी आणल्यावर ऑइल, कूलंट आणि ब्रेकचे तेल पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत बदलावे. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा ड्रायव्हर लोकांचा जुना नियम पाळावा. ब्रेक दुवा देतील.

झेंडूची माळ चार दिवसांत सुकते. त्यानंतरही दर उन्हाळ्यात घाट चढून सर्वांना सुखरूप घरी आणील, तीच गाडी चांगली म्हणावी.