जिम्नी : वजन कमी, वाट अवघड

चारही चाकांना ताकद देणाऱ्या छोट्या गाड्यांच्या मालकांचे आपसात क्वचितच पटते. मारुती सुझुकीची पाच दारांची जिम्नी जून २०२३ मध्ये भारतात विक्रीला आली, तेव्हापासून तिच्याबद्दल दोन टोकांची मते ऐकू येतात. भर पावसात शेतघराच्या दारापर्यंत नेऊन सोडणारी दुसरी गाडी नाही, असे एक जण सांगतो. दुसरा म्हणतो, बारा-तेरा लाख मोजून चारच माणसांची जागा, मागे दोन बॅगा ठेवल्या की डिकी भरली आणि घाटात ट्रक ओलांडायचा तर आधी मनाची तयारी करावी लागते. दोघेही खरेच बोलतात. माझे म्हणणे असे, की हे कौतुक आणि ही तक्रार एकाच मुळातून आली आहेत. जिम्नीची रचना आणि तिचे वजन समजून घेतले, तर यातले एक ठेवून दुसरे काढून टाकता येत नाही हे कळते. मग ‘गाडी कशी आहे’ यापेक्षा ‘आपली वाट कोणती आहे’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

या रचनेला अर्धशतकाहून अधिक इतिहास आहे. सुझुकीने १९७० मध्ये जपानमध्ये पहिली जिम्नी काढली, एलजे-१०. जपानमधल्या कमी कराच्या ‘केई’ वर्गात बसण्यासाठी इंजिन ३६० सीसीच्या आत आणि लांबी तीन मीटरच्या आत ठेवणे भाग होते. म्हणून इंजिन ३५९ सीसीचे, हवेने थंड होणारे, टू-स्ट्रोक आणि ताकद जेमतेम २५ हॉर्सपॉवर. लांबी वाढू नये म्हणून स्टेपनीही आत, मागच्या सीटच्या जागेत ठेवली आणि गाडी तिघांची झाली. एवढ्या कमी ताकदीवर डोंगर चढायचा तर दोनच मार्ग होते : वजन कमी ठेवणे आणि गिअर खालचे देणे. सुझुकीने दोन्ही केले आणि तेच सूत्र आजवर धरून ठेवले. २००७ मध्ये चिलीमधल्या ओहोस देल सलादो या ज्वालामुखीवर ६,६८८ मीटर उंची गाठणारी गाडी याच वंशातली होती, बदल केलेली सुझुकी समुराई. त्या उंचीवरच्या विरळ हवेत कोणत्याही इंजिनाचा दम निघतो. अशा ठिकाणी हलक्या गाडीला वजनाचा किती फायदा होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे हे सूत्र १९८५ च्या डिसेंबरात ‘जिप्सी’ या नावाने आले. सुरुवातीला ९७० सीसीचे इंजिन, पुढे १.३ लिटरचे. चारही चाकांना लीफ स्प्रिंगचे पाटे, त्यामुळे बसणाऱ्याची हाडे खिळखिळी होत. तरीही लष्कराने, पोलिसांनी आणि वनखात्याने ती वर्षानुवर्षे वापरली. ताडोबात आज सफारीचे वाहन म्हणजे जिप्सी हेच समीकरण लोकांच्या डोक्यात पक्के बसले आहे. सुरक्षेचे नवे नियम आल्यावर २०१९ च्या सुमारास तिची सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबली. जवळपास तेहतीस वर्षे एकच गाडी फारसा चेहरामोहरा न बदलता विकली गेली, यातच तिच्या उपयोगाचा पुरावा आहे. डोंगरी जिल्ह्यांतल्या सरकारी कामाला ताकदवान गाडी हवी होती असे नाही. अडकली तर चार माणसांनी ढकलून काढता यावी आणि गावातल्या मेकॅनिकला उघडता यावी, अशी गाडी हवी होती.

आता जिम्नीच्या पोटात डोकावू. १४६२ सीसीचे पेट्रोल इंजिन, ताकद सुमारे १०५ हॉर्सपॉवर. गाडीचे वजन जेमतेम १२०० किलो, रुंदी १६४५ मिलिमीटर, जमिनीपासून उंची २१० मिलिमीटर. खाली शिडीसारखी लॅडर चासी आणि पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल, म्हणजे दोन चाके एकाच दणकट नळकांड्याने जोडलेली. एक चाक दगडावर चढले, की दुसरे आपोआप खाली दाबले जाते आणि जमीन सोडत नाही. गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा छोटा दांडा असतो. ‘टू एच’वर मागची दोन चाके ओढतात, ‘फोर एच’वर चारही, आणि गाडी थांबवून ‘फोर एल’ टाकले की इंजिनाचा जोर चाकांपर्यंत जवळपास दुप्पट होऊन पोचतो व वेग निम्म्यावर येतो. या ‘फोर एल’चा खरा उपयोग चढापेक्षा उतारावर कळतो. पहिल्या गिअरमध्ये पाय ब्रेकवरून काढला, तरी गाडी माणसाच्या चालीने खाली उतरते. निसरड्या लाल मातीत ब्रेक दाबला की चाक लॉक होऊन गाडी घसरते. इथे इंजिनच तिला धरून ठेवते.

आणखी एक प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. ओढ्याच्या काठावरून तिरपे उतरताना पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक एकाच वेळी हवेत जाते. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा, की ज्या चाकाला विरोध नाही त्यालाच तो फिरवतो. त्यामुळे हवेतली दोन चाके गरगरतात, जमिनीवरची दोन जागची हलत नाहीत आणि चारही चाकांना ताकद देणारी गाडी तिथेच खिळते. जिम्नीत अशा वेळी संगणक गरगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतो. त्या चाकाला विरोध मिळाला की जोर पलीकडच्या चाकाकडे वळतो. एक-दोन क्षण कटकट आवाज येतो आणि गाडी सरकते. नव्या मालकांची चूक इथेच होते : आवाज ऐकून ते पाय उचलतात. अ‍ॅक्सिलरेटर हलकासा धरून ठेवला, तर काम होते.

आता तक्रारींकडे वळू. हमरस्त्यावर ताशी शंभरच्या पुढे स्टीअरिंग सैल वाटते आणि वळणानंतर आपणहून सरळ यायला वेळ लागतो. अखंड अ‍ॅक्सल आणि त्याला जोडलेल्या स्टीअरिंगच्या रचनेचा तो थेट परिणाम आहे. गाडी उभट आणि अरुंद, म्हणून वळणावर झुकते. पण त्याच अरुंदपणामुळे कोकणातल्या वाडीच्या पाखाडीवजा रस्त्यावर समोरून टेम्पो आला तर ती बाजूला घेता येते. चौकोनी बांध्यामुळे वाऱ्याचा आवाज होतो, पण त्याच बांध्यामुळे बॉनेटचे दोन्ही कोपरे चालकाला दिसतात आणि दगड कुठे लागणार हे कळते. चार गिअरच्या ऑटोमॅटिकबद्दलची नाराजी मात्र मला पूर्णपणे मान्य आहे. चढावर ती वारंवार गिअर बदलत राहते, आणि २०२३ साली आणलेल्या गाडीत चारच गिअर द्यायला रचनेची कोणतीही अडचण नव्हती. डिकीचेही तसेच : सगळ्या सीट वर असताना २०८ लिटर जागा लांबच्या प्रवासाला अपुरीच पडते.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो : चारही चाकांना ताकदच हवी, तर आरामशीर ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी का घेऊ नये? रेनॉची डस्टर २०१४ मध्ये तशी मिळू लागली. आज मारुतीचीच ग्रँड विटारा त्या प्रकारात मिळते. या गाड्यांत पुढची चाके घसरू लागली की मागच्यांना आपोआप ताकद जाते. चालकाला दांडा हलवावा लागत नाही. आक्षेपात तथ्य आहे, आणि बहुतेक कुटुंबांना हाच प्रकार जास्त उपयोगी पडेल असे मला वाटते. कारण जिम्नीचे ‘फोर एच’ कोरड्या डांबरावर वापरायचे नसते. पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये मधला डिफरन्शियल नाही, त्यामुळे वळताना चाके एकमेकांशी झगडतात आणि सांध्यांवर ताण येतो. पण ऑल-व्हील-ड्राइव्हला ‘फोर एल’ नसतो. मुरुमाच्या उभ्या चढावर अर्धा क्लच धरून गाडी रेटायची वेळ आली, की हा फरक क्लच प्लेटच्या वासावरून कळतो. शिवाय दोन्ही प्रकारांना लागू असलेली एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत : चारही चाकांना ताकद मिळाली म्हणून गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक प्रत्येक गाडीत चारही चाकांना असतातच. ओल्या घाटात जीव वाचवतात ते चांगले टायर आणि कमी वेग.

दुसरा आक्षेप बाजाराचा. महिंद्राची थार, जी आपल्या नाशिकला बनते, जिम्नीपेक्षा कितीतरी जास्त खपली. जिम्नीवर मात्र बाजारात येऊन वर्षही झाले नव्हते तोच मोठ्या सवलती द्याव्या लागल्या. मग जिम्नी फसली असे म्हणायचे का? किंमत फसली, असे मी म्हणेन. लांबी चार मीटरच्या आत असूनही पेट्रोल इंजिन १२०० सीसीहून मोठे असल्याने तिला छोट्या गाडीची करसवलत मिळत नाही. शिवाय त्याच पैशांत लोकांना पाच जणांच्या प्रशस्त गाड्या मिळत होत्या. थारला मोठे इंजिन, डिझेलचा पर्याय आणि रस्त्यावरचा रुबाब आहे, पण तिचे वजनही शेकडो किलोंनी जास्त आहे. वाळूत किंवा भिजलेल्या शेतात रुतल्यावर हाच फरक मोजावा लागतो. गुरुग्रामला बनलेली हीच पाच दारांची जिम्नी २०२५ च्या सुरुवातीला ‘नोमेड’ नावाने जपानमध्ये जाहीर झाली. महिन्याला १,२०० गाड्या विकण्याचा बेत होता; चार दिवसांत सुमारे ५०,००० मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. जपानी ग्राहकाला ही गाडी कशासाठी आहे हे पन्नास वर्षांच्या सवयीने ठाऊक आहे. आपल्याकडे तिची जाहिरातच वेगळ्या ग्राहकाकडे तोंड करून झाली.

सुरक्षेचा मुद्दा झाकून चालणार नाही. तीन दारांच्या जिम्नीला २०१८ मध्ये युरो एनकॅपच्या चाचणीत तीनच तारे मिळाले. भारतीय गाडीत सहा एअरबॅग आणि स्थिरता राखणारी यंत्रणा आहे, तरी तिला वेगवान महामार्गाची गाडी समजणे मला धोक्याचे वाटते. देखभालीबाबत मात्र मालकांचा अनुभव बहुतेक समाधानाचा आहे, आणि त्याचे कारण साधे आहे : हेच इंजिन सियाझ आणि एर्टिगामध्येही वापरले गेले, त्यामुळे त्याचे सुटे भाग आणि जाणकार तालुक्याच्या गावीही सापडतात.

ही गाडी जिथे जाऊ शकते तिथे तिने जावेच, असे मात्र नाही. कोकणच्या किनाऱ्यांवर गाड्या घालून त्या भरतीत अडकल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. वेळास, आंजर्ले इथल्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात; घरट्यावरून गेलेले हलक्या गाडीचे चाकही चाकच असते. सह्याद्रीतल्या सड्यांवरची माती जेमतेम बोटभर असते आणि चाकाने ती उखडली, की तिथली झाडोऱ्याची जात परत यायला वर्षे लागतात. जिम्नीच्या मालकांना विनंती आहे, की रुळलेली वाट सोडू नका. आणि जे घ्यायच्या विचारात आहेत त्यांनी शोरूमबाहेरच्या डांबरी फेरीवर निर्णय घेऊ नये. घरची माणसे मागे बसवा, प्रवासाच्या बॅगा डिकीत ठेवून पाहा, मग एखाद्या कच्च्या उतारावर ‘फोर एल’ टाकून गाडी उतरवून दाखवायला सांगा. तुमच्या वर्षभराच्या वाटेत असा उतार येतच नसेल, तर तेवढ्याच पैशांत घरातल्या सगळ्यांना सुखाने नेणारी दुसरी गाडी घ्या.